जुनी तोड्याची बंदूक घ्यायचीय, विकणारा माणूस भरवशाचा आहे का हे कसं ओळखायचं?

गडवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात असतो. सात-आठ वर्षं जुन्या वस्तू जमवतोय, अडकित्ते, कुलपं, दौती, असं घरगुतीच सगळं, बंदूक अजून एकही नाही. गेल्या रविवारी ओळखीच्या ओळखीतून एका विक्रेत्याकडे गेलो होतो, तिथे भिंतीला टेकवून ठेवलेली तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटवायची, बंदूक दिसली आणि खरं सांगतो, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. साडेपाच फूट तरी असेल, नळी आणि लाकूड पितळी तारेच्या वेढ्यांनी बांधलेलं, दस्त्याच्या टोकाला पांढरी पट्टी आहे ती हस्तिदंताची असं तो म्हणाला. किंमत १ लाख ८५ हजार सांगतोय, दीडपर्यंत येईल असं वाटतं.

पेशवाईतल्या एका सरदार घराण्याच्या वाड्यातून आलीये म्हणतो, पण घराण्याचं नाव सांगत नाही. कागद काही नाही. शंभर वर्षांच्या वरची वस्तू आहे म्हणजे परवाना लागत नाही, पावतीची भानगड नको, रोख द्या, मी स्वतः गाडीने घरपोच आणून देतो, असं सगळं. माणूस बोलायला फार गोड, चहा पाजला, दोन तास बसवून इतिहास सांगितला. बायको म्हणते इतका गोड आहे म्हणूनच मला शंका येते.

बंदूक पारखण्याइतकं ज्ञान मला नाही, ते यायला वर्षं जातील हे मला कळतं. पण माणूस पारखायला काय बघायचं? ज्यांनी घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सह्यकडा

फोटो टाका आधी. नळीच्या तोंडाचा आणि कानाचा (बत्ती लावायच्या भोकाचा) जवळून. आणि बयाणा दिला नाहीत ना अजून? नसेल तर देऊ नका.

बारूदखाना

गडवाट, बयाणा द्यायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. मी २२ वर्षं यात आहे, परवान्यावरची एक आहे, बाकी बारूददाण्या, सुटे चाप (बार पेटवणारी यंत्रणा), गज (दारू ठासायची सळई), जामगीच्या (पेटत्या वातीच्या) नळ्या असलं सामान. दोनदा फसलोय आणि दोन्ही वेळा वस्तूने नाही, माणसाने फसवलं, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

माझी पहिली कसोटी एकच आहे. वस्तूतला दोष तो स्वतःहून सांगतो का, आणि किंमत सांगायच्या आधी सांगतो का. एवढ्या जुन्या बंदुकीत दोष नसणं शक्यच नाही हो. दोनशे वर्षांत कुंदा (लाकडी भाग) फुटतो, गज हरवतो, कुणीतरी लोहार कान पुन्हा पाडतो, एका बंदुकीचा चाप दुसरीला बसतो. हे सगळं व्हायचंच. जो माणूस रोज या वस्तू हाताळतो त्याला हे दिसतं, आणि दिसूनही तो 'एकदम ओरिजिनल आहे साहेब' म्हणत असेल तर एकतर त्याला काही कळत नाही किंवा तो लपवतोय, दोन्हीत पैसे आपलेच जातात.

मी ज्यांच्याकडे शिकलो ते म्हातारे गृहस्थ आता नाहीत. त्यांची पद्धत सांगतो. जमिनीवर जुनी चादर अंथरायचे, बंदूक आडवी ठेवायचे आणि नळीचं तोंड भिंतीकडे. मग पहिलं काम काय, तर गज नळीत अगदी तळापर्यंत घालायचा, तोंडापाशी गजावर अंगठ्याचं नख धरायचं, गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघायचा. गजाचं टोक कानापाशी किंवा त्याच्याही मागे पोचलं पाहिजे. एकदा माझ्यासमोर ते चार बोटं अलीकडेच राहिलं. त्यांनी बंदूक हळूच खाली ठेवली, मला मागे सरकायला सांगितलं आणि म्हणाले ही भरलेली आहे. आत दारू आणि गोळी तशीच, कुणी कधी ठासली होती देव जाणे. जुन्या ठासणीच्या (तोंडातून दारू-गोळी ठासायच्या) बंदुका अशा भरलेल्या सापडतात, काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनीसुद्धा पेटते. त्यांनी ती विकायची नाही म्हणून बाजूला काढली आणि परवानाधारक कारागिराला बोलावून रिकामी करून घेतली. घरी कुणीही हा प्रकार स्वतः करू नका, सळई घालून खरवडू तर अजिबात नका. माझं म्हणणं एवढंच, की जो विक्रेता बंदूक आपल्या हातात देण्याआधी हे करत नाही त्याला आपल्या जिवाची काळजी नाही, मग पैशाची कुठून असणार.

आता फसलो ते. २००९ साली एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याकडून चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी) बंदूक घेतली, ६० हजाराला. चापाच्या पट्टीवर ईस्ट इंडिया कंपनीचा उभा सिंह, पुढच्या पायात मुकुट धरलेला, आणि खाली १७९० साल. मी खूश. पुढे दोन वर्षांनी एका जाणकाराने बघितल्या बघितल्या सांगितलं की कंपनीने सिंहाची खूण १८०८ च्या सुमारास घेतली, त्याआधी चार भाग केलेलं बदाम असायचं आणि त्यात कंपनीची अक्षरं. म्हणजे सिंह आणि १७९० एका पट्टीवर असूच शकत नाहीत. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला तुम्हीच बघून घेतलीत ना. पावती नव्हती. विषय संपला.

पण मला सिंहाचं माहीत नव्हतं याचं दुःख कमी आहे. खरी चूक वेगळी झाली. घेताना मी म्हटलं होतं की चाप खोलून आतली बाजू बघू का, दोन पेच तर आहेत. तर तो म्हणाला नको, जुनं आहे, तुटेल. आणि मी गप्प बसलो. नंतर घरी खोललं तेव्हा पट्टीच्या आतल्या बाजूला यंत्राने घासल्याच्या समांतर रेघा, ताज्या करकरीत. बाहेरून नवसागर की काय लावून गंज चढवलेला आणि आत तसंच ठेवलेलं. खरं जुनं लोखंड आत काळपट-तपकिरी असतं, बोटाला लागत नाही. केशरी गंज बोटाला भुकटीसारखा लागला की तो अलीकडचा. ही परीक्षा दहा मिनिटांची होती, त्याने होऊ दिली नाही आणि मी आग्रह धरला नाही.

तर खोलू देतो का, हे विचारा. उत्तर काय येतं त्यापेक्षा चेहरा बघा.

मीनल_ठाणे

@बारूदखाना, फार उपयुक्त. पण एक शंका. खरोखरच जुनी नाजूक वस्तू असेल आणि प्रामाणिक विक्रेत्याला वाटलं की हा नवखा माणूस पेच बिघडवेल, तर तोही नाही म्हणेलच ना?

बारूदखाना

मीनलताई, बरोबर. म्हणून आपण खोलायचं नाही, त्याला खोलायला सांगायचं. प्रामाणिक असेल तर म्हणतो थांबा, मी माझ्या हाताने खोलून दाखवतो, किंवा म्हणतो अमक्या कारागिराकडे जाऊ, तो खोलेल. 'तुम्ही खोलू नका' आणि 'कुणीच खोलायचं नाही' यात फरक आहे.

फौजदारी_वकील

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण धागाकर्त्याच्या पोस्टमधलं एक वाक्य मी कोर्टात आरोपींच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलंय. 'शंभर वर्षांच्या वरची आहे म्हणजे परवाना लागत नाही.'

हे साफ चूक आहे. दोन वेगळ्या कायद्यांची खिचडी आहे ही. शंभर वर्षं हा आकडा येतो १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यातून, त्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला पुरावशेष म्हणतात. तो कायदा वस्तू देशाबाहेर जाऊ नये, व्यापाराची नोंद राहावी म्हणून आहे. बंदूक बाळगायला परवाना लागतो की नाही हे ठरतं १९५९ च्या शस्त्र कायद्याने आणि त्यात वयाची कुठलीही रेघ नाही. कलम ४५ (सी) खाली सूट आहे ती जुन्या बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या हत्याराला, पण पुढचा तुकडा महत्त्वाचा, की जे दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येत नाही असं. 'दुरुस्ती करूनही' हे शब्द लोक वाचतच नाहीत.

आता तोड्याची बंदूक म्हणजे आहे काय? मागून बंद असलेली लोखंडी नळी आणि बाजूला एक भोक. चाप मोडला, घोडा हरवला, तरी नळी आणि कान धड असतील तर कानाला बत्ती लावून ती उडते. त्यामुळे 'चाप चालत नाही म्हणजे निकामी आहे' हे विक्रेत्याचं मत पोलिसांपुढे टिकत नाही. हत्यार प्रयोगशाळेत जातं, तिथला तज्ज्ञ म्हणाला की यातून गोळी सुटू शकते, की झालं. विनापरवाना बंदुकीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

म्हणून माझ्या लेखी विक्रेत्याची परीक्षा फार सोपी आहे. तो तुम्हाला परवान्याबद्दल विचारतो का? जो खरा आहे तो स्वतः घाबरून असतो, विकण्याआधी तोच विचारेल की तुमच्याकडे परवाना आहे का, नसेल तर ही वस्तू तुम्हाला देता येणार नाही, दुसरी बघा. जो म्हणतो काही लागत नाही, त्याला सांगा हे लेटरहेडवर लिहून सही करून द्या. देणार नाही.

आणि गडवाट, ती हस्तिदंताची पट्टी. हस्तिदंताची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद आहे, वस्तू जुनी आहे म्हणून विकायची मोकळीक मिळत नाही. बहुतेक वेळा ते उंटाचं नाहीतर गुराचं हाड असतं आणि भाव वाढवायला हस्तिदंत म्हणतात. म्हणजे खोटं बोलत असेल तर फसवतोय आणि खरं बोलत असेल तर दुसऱ्या गुन्ह्यात ओढतोय. मी तुमच्या जागी असतो तर एवढ्यावरच उठलो असतो.

गडवाट (धागाकर्ता)

वकीलसाहेब, वाचून घाम फुटला. हस्तिदंताचं डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून आभार. एक विचारायचं राहिलं, तो असंही म्हणाला होता की तुम्हाला भीती वाटत असेल तर कानाचं भोक वेल्डिंग करून बुजवून देतो, मग प्रश्नच नाही. हे चालतं का?

फौजदारी_वकील

त्याने केलेल्या एका टाक्यावर विसंबू नका, ड्रिलने पाच मिनिटांत भोक पुन्हा पडतं, म्हणजे 'दुरुस्ती करून' मध्ये आलंच की ते. कायदेशीर रस्ता हवा असेल तर रीतसर परवाना काढा आणि परवान्यावर चढवून घ्या. एका माणसाला आता दोनच बंदुका ठेवता येतात हे लक्षात असू द्या, आधी तीन होत्या.

बारूदखाना

आणि जो माणूस दोनशे वर्षांच्या नळीवर वेल्डिंग मारायला तयार आहे त्याला त्या वस्तूची किंमतच कळलेली नाही. किंवा त्याला पक्कं ठाऊक आहे की ती दोनशे वर्षांची नाही.

रापण

मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडची गोष्ट सांगतो कारण शहरातल्या लोकांना हे माल कुठून येतात ते कळत नाही.

आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. रानडुकरं आणि माकडं, दुसरं काय. दर निवडणुकीला आजोबा ती पोलीस स्टेशनला जमा करायचे, निकाल लागला की परत आणायचे, परवान्याचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात. आजोबा गेले, वडील मुंबईला गिरणीत, बंदूक माळ्यावर. नंतर कधीतरी एक माणूस गावात फिरत आला, जुनी भांडी घेतो, समया घेतो, आणि हळूच विचारतो बंदूक आहे का मोडकी. आमच्या वाडीतल्या एका घराने अशीच दोन हजाराला दिली, वारसांनी परवान्याचं काही केलेलं नव्हतं, त्यांना वाटलं ब्याद गेली. पुढे पोलिसांनी जुन्या परवान्यांची पडताळणी काढली तेव्हा त्या घरातल्या म्हातारीला तीन-चार हेलपाटे पडले तालुक्याला. बंदूक कुठे आहे, कुणाला दिली, कागद काय. काय सांगणार ती.

तर दादा, तुमचा विक्रेता 'सरदाराच्या वाड्यातली' म्हणतो ना, ती अशीच कुणाच्या तरी माळ्यावरची असू शकते आणि कुठल्यातरी पोलीस स्टेशनच्या रजिस्टरात तिचा नंबर असू शकतो. नळीच्या मागच्या भागावर, नाहीतर कुंद्यावर, बारीक नंबर ठोकलेला किंवा घासून काढलेला दिसतो का बघा. घासलेली जागा बोटाने कळते, तिथे खळगा लागतो. नंबर घासलेला असेल तर त्या दुकानात परत पाऊल टाकू नका.

सह्यकडा

रापणभाऊ, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. वाचनखूण साठवली.

पेठेतलं_दुकान

सगळं वाचलं. थोडी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये. आमचं जुन्या वस्तूंचं दुकान वडिलांपासून आहे. बंदुका आम्ही ठेवत नाही, ज्यांना ठेवायच्या त्यांनी शस्त्रविक्रीचा परवाना काढावा असं वडील म्हणायचे. पण इथे घराण्याचं नाव सांगत नाही म्हणजे चोर असा सूर लागतोय, तो बरोबर नाही. जुनी घराणी वस्तू विकतात तेव्हा त्यांची मान खाली असते. मुलीचं लग्न, दवाखाना, भाऊबंदकीतली वाटणी. ते पहिली अट घालतात की आमचं नाव कुठे येता कामा नये. माझ्या वडिलांनी कितीतरी नावं पोटात ठेवून नेली. नाव न सांगणं हा धंद्यातला शब्द पाळणं आहे.

रोखीचंही तसंच, पूर्वी सगळा व्यवहार रोखीनेच व्हायचा.

बारूदखाना

दादा, तुमच्या वडिलांबद्दल आदरच वाटला, आणि मुद्दा पटला. नाव नको. पण मग नावाचा भावही लावू नये ना. घराण्याचं नाव सांगायचं नाही आणि 'सरदाराची' म्हणून पन्नास हजार चढवायचे, हे दोन्ही एकत्र कसं चालेल? नाव झाकायचं असेल तर बंदूक फक्त बंदूक म्हणून विकावी.

वाघनखांचं उदाहरण घ्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ च्या जुलैत साताऱ्याला आली, आम्ही सहकुटुंब रांगेत उभे राहून बघून आलो. त्यांच्या पेटीवर लिहिलेलं आहे की ती साताऱ्याचा रेसिडेंट (ब्रिटिश प्रतिनिधी) ग्रँट डफ याला मिळाली. इतकी लेखी परंपरा असूनही संग्रहालय स्वतः म्हणतं की शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच का, हे पडताळता येत नाही. एवढं मोठं संग्रहालय इतकं जपून बोलतं, आणि आपला विक्रेता बिनधास्त सांगतो पेशवाईतल्या सरदाराच्या वाड्यातली बंदूक आहे. मला 'ठाऊक नाही' म्हणणारा विक्रेता हवा.

पेठेतलं_दुकान

हे मान्य. पटलं. आमच्या रजिस्टरात नाव नसलं तरी गाव, महिना आणि वस्तू कशी आली एवढं लिहिलेलं असतं. पुरावशेषांचा परवाना असलेल्याला रजिस्टर आणि फोटो ठेवावेच लागतात. गडवाट, तुम्ही त्याला तेवढं तरी विचारा, पुरातत्त्व खात्याचा विक्रीचा परवाना आहे का आणि रजिस्टर आहे का. दुकानात लावलेला असतो.

लीड्सकर

मी १४ वर्षं इंग्लंडमध्ये आहे, मूळचा साताऱ्याचा. इथे कायदा निराळा, जुनी बंदूक शोभेची वस्तू म्हणून ठेवली तर परवान्याशिवाय ठेवता येते, २०२१ पासून त्याची नेमकी व्याख्याही केलीये. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेली असेल तर जुनी धरतात. आपल्याकडे लोक ते व्हिडिओ बघतात आणि तोच नियम भारतात आहे समजतात, त्यातूनच हे 'इतक्या वर्षांनी परवाना नाही' पसरलं असावं.

इथल्या लिलावांच्या याद्या वाचून मी एक शिकलो, ते भारतातही उपयोगी पडेल. शब्द फार नीट वाचायचे. 'अठराव्या शतकातली' आणि 'अठराव्या शतकाच्या धर्तीवर' यात जमीनअस्मानाचं अंतर आहे. 'जोडून केलेली' असं लिहिलं असेल तर तीन बंदुकांची एक केलीये. चांगले विक्रेते हे छापतात आणि त्यावर सही करतात, शिवाय अमुक दिवसांत खोटी निघाली तर पैसे परत हेही. आणखी एक, इथे बाजारात भारतातच आत्ता बनलेल्या चकमकीच्या बंदुका ढिगाने येतात. त्या प्रतिकृती म्हणूनच बनवतात, त्यात वाईट काही नाही, कित्येकींना कान पाडलेलाच नसतो. पण दोन हात बदलले, थोडी माती-पाणी लागलं, की त्याच 'प्लासीच्या काळातल्या' होतात. नळीचं तोंड बघा. पाइपापासून केलेली असेल तर पोकळी अगदी गोल, भिंतीची जाडी सगळीकडे एकसारखी. लोहाराने पत्रा वळवून घडवलेली जुनी नळी मागे जाड, मध्ये सडपातळ आणि तोंडाशी पुन्हा फुगीर, आणि नीट बघितलं तर कुठेतरी जोडाची किंवा पिळाची रेघ सापडते. आणि फुलीचा स्क्रू दिसला तर बोलायलाच नको.

भारतीय तोड्याच्या बंदुका बघायच्या तर इथे लीड्समधल्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात छान आहेत, पण तुम्हाला एवढ्या लांब यायची गरज नाही, पुण्यात केळकर संग्रहालय आहेच. तासभर फक्त बंदुकांपुढे उभे राहा. डोळा बसतो.

जाता जाता, 'परदेशातून मागवून कुरियरने देतो' म्हणणाराही एक प्रकार असतो. बंदूक भारतात आणणं हे कुरियरचं काम नाही. लांब राहा.

मीनल_ठाणे

गडवाट, काय झालं पुढे? गेलात का परत?

गडवाट (धागाकर्ता)

उशीर झाला, माफ करा, ऑफिसचं वर्षअखेर चाललंय. आधी शनिवारी केळकर संग्रहालयात गेलो, नंतर रविवारी त्या विक्रेत्याकडे. सोबत मित्र होता, तो यांत्रिकी कारखान्यात आहे.

मी सरळ म्हटलं की मला आवडलीये, पण चार गोष्टी विचारायच्यात. पहिलं, गज घालून दाखवा. त्याने घातला, कानापर्यंत पोचला, भरलेली नव्हती, एवढं बरं. पण गज घालायचा असतो हे त्याला माझ्याकडून कळलं असं वाटलं, कारण त्याने आधी विचारलं की कशाला. दुसरं, तारेचा एक वेढा सोडवून खालचं लाकूड बघू. तर तोच संवाद, जुनं आहे, तुटेल. मित्राने बॅटरी धरून वेढ्याच्या फटीतून बघितलं, आतलं लाकूड पिवळट, बाहेरचं काळं. दोनशे वर्षं लाकूड तारेखाली झाकलेलं राहिलं तर ते थोडं फिकट राहणार हे मला समजतं, पण मित्र म्हणाला फिकट नाही, हे ताजं आहे, पॉलिशचा ओघळ आत गेलेला दिसतोय. नळीचं तोंड बाहेरून फुगीर होतं पण तो म्हणाला वरून कडं चढवलंय, आतली पोकळी कंपासने काढल्यासारखी गोल आहे. नळीच्या मागच्या भागावर नंबर नव्हता, घासलेलंही काही लागलं नाही.

मग मी म्हटलं, परवाना लागत नाही हे लिहून द्या. पहिल्यांदाच त्याचा आवाज बदलला. म्हणाला, तुम्हाला शंका असेल तर राहू द्या, माझ्याकडे गिऱ्हाइकं रांगेत आहेत. पांढऱ्या पट्टीबद्दल विचारलं तेव्हा हस्तिदंताचं लगेच हाड झालं, आणि वर हाडच म्हणालो होतो मी, असंही. मी 'बरं' म्हटलं आणि निघालो. खाली येईपर्यंत फोन आला, एक लाख वीसला देतो. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर नव्वद.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तीन आठवडे ती बंदूक मनात भिंतीवर लावून बसलो होतो.

बारूदखाना

वाटणारच वाईट. पण रात्रीत लाखाच्या जवळपास खाली आला ना, त्यातच सगळं आलं. थोडेच पैसे शहाणपणाने लावा, बारूददाणीपासून सुरू करा, परवान्याचा प्रश्न नाही आणि डोळा तयार होतो. आणि पहिली खरेदी कुणाकडूनही असो, लहान करा, म्हणजे तो माणूस कसा वागतो ते स्वस्तात कळतं. पावती कशी लिहितो, आठ दिवसांनी फोन उचलतो का, परत घेईन म्हणाला तर घेतो का.

गडवाट (धागाकर्ता)

तेच केलं काका. रापणभाऊंच्या गोष्टीनंतर कोकणात फिरणाऱ्यांकडून काही घ्यायची इच्छाच राहिली नाही, म्हणून पेठेतल्या दुकानवाल्या दादांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला, त्यांनी स्वतःचं दुकान न सुचवता दुसऱ्या एका वयस्क गृहस्थांचा पत्ता दिला. परवाना भिंतीवर लावलेला होता, मी विचारायच्या आधीच बोट दाखवून म्हणाले वाचून घ्या.

शिंगाची बारूददाणी होती, टोकाला पितळेची चोच. मी हातात घेतली तर ते म्हणाले थांबा, उजेडात चला. खिडकीपाशी नेऊन झाकण उघडलं आणि दाखवलं की झाकणाची बिजागरी नवीन आहे, मी स्वतः पंधरा वर्षांपूर्वी बसवून घेतली, आणि इथे शिंगाला किडीने खाल्लंय, लाखेने बुजवलंय. मग किंमत सांगितली, ६ हजार ५००. मी घासाघीस केलीच नाही. कुठली विचारलं तर म्हणाले, खानदेशातून आलेल्या भांड्यांच्या गोणीत होती, त्यापलीकडचं मला ठाऊक नाही.

पावतीवर त्यांच्या अक्षरात लिहिलंय ते जसंच्या तसं देतो: 'शिंगाची बारूददाणी १ नग, पितळी चोच, बिजागरी व झाकण नंतरचे, शिंगास कीड, लाखेने बुजविलेली. काळ नक्की नाही, अंदाजे शंभर वर्षांवर. एक महिन्यात परत घेतली जाईल.' खाली सही, तारीख, पैसे बँकेतून मिळाल्याची नोंद.

बारूदखाना

'काळ नक्की नाही' हे पावतीवर लिहिलंय? पत्ता मलाही व्यनि करा. आणि त्या चोचीचा जवळून फोटो टाका, आत स्प्रिंगची पट्टी आहे की साधी खुंटी, ते बघायचंय.

गडवाट (धागाकर्ता)

साधी खुंटी आहे. फोटो रात्री टाकतो, उजेडात काढायला हवा होता, राहून गेलं.